खिडकीतून दिसणारी टाकी

४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय टिल्लू,

फोटो मिळाला. लायब्ररीच्या बाईंनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि "पान दुमडू नका हं" म्हणाल्या, तेव्हाच ओळखलं की आत काहीतरी आहे. एरवी त्या माझ्याशी एवढंही बोलत नाहीत. दुकानात येऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि आधी पोटभर रडून घेतलं. आई आतून विचारायला लागली, तर म्हटलं डोळ्यात कचरा गेलाय. "दोन्ही डोळ्यांत?" म्हणाली. म्हातारीचे कान गेलेत, बाकी सगळं शाबूत आहे.

तू खारूला घेऊन गेलीस त्याला वर्ष उलटून गेलं. एवढ्या दिवसांत तुझी चार-चार ओळींची पत्रं, तीसुद्धा "ठीक आहोत, काळजी नको" छापाची. कुठे आहेस ते तू सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही, हे आपलं ठरलेलं. माझं पत्र बाईंकडे, बाईंचं पाकीट बायकांना आसरा देणाऱ्या त्या संस्थेकडे, संस्थेकडून तुझ्याकडे. हे सगळं मी पाळलं. पण फोटोसाठी मात्र तुझा जीव खाल्ला, हे मान्य. माझी भाची किती वाढली ते तरी बघू दे म्हटलं. आणि तू शहाणीने पाठवला काय, तर कागदी होड्यांचा!

चिडवतेय गं. छान आहे. खिडकीची कड, तिच्यावर होड्यांची रांग, कोपऱ्यात खारूची बोटं, बाहेर आकाश आणि ती लाल विटांची गोल पाण्याची टाकी. चेहरा कुठेच नाही, म्हणजे तू विचार करून काढलायस. फक्त पाठीवर "खारू, वय सात" हे बॉलपेनने लिहिलंयस, आणि तेही नेहमीसारखं दाबून. पुढच्या बाजूला आकाशात सगळी अक्षरं उलटी उमटलीत. फोटोच्या पाठीवर बॉलपेन लावलं म्हणून बाबा गिऱ्हाइकांवरसुद्धा ओरडायचे, आणि तू तर घरची.

आता खरं सांगते. आनंद अर्धा तास टिकला.

हल्ली दुकानात कसं असतं तुला माहीत नाही. लोक फोनवर दहा जणांकडून फिरून आलेला, नखाएवढा, फुटलेला फोटो आणतात आणि म्हणतात, "ताई, हा भिंतीएवढा करून द्या." नाही म्हटलं तर दुसऱ्या दुकानात जातात. म्हणून मी काय करते, तो फोटो कॉम्प्युटरला देते आणि त्यालाच विचारते की बाबा रे, हा आणखी कुठे आहे का. तो सगळं जग धुंडाळून सांगतो. बऱ्याचदा त्याच फोटोची मोठी, स्वच्छ प्रत सापडते. गिऱ्हाईक खूश, मला जादूगार समजतात. दिवसातून किती वेळा करते ते मलाही माहीत नाही. हाताला वळण पडलंय.

तुझा फोटो मी जपून ठेवायला म्हणून स्कॅन केला. आणि हात आपोआप त्या बटणावर गेला. देवाशपथ, मनात काही नव्हतं.

तुझा फोटो कुठेच नव्हता, ते बरं झालं. पण त्याच्याखाली, "याच्यासारखे दिसणारे" म्हणून, ती टाकी आली. पुढून, मागून, संध्याकाळच्या उजेडात, तिच्यासमोर उभं राहिलेलं एक नवं जोडपं. बाहेरून गेलेला लोखंडी जिना, एका बाजूने चेपलेलं टोपीसारखं छप्पर. तीच. आणि प्रत्येक फोटोखाली गावाचं नाव. पुढे एका फोटोत टाकीसमोरच्या घरांची ओळसुद्धा दिसली, सगळ्यांच्या खिडक्यांना तुझ्या खिडकीसारखी हिरवी चौकट. गॅसवर चहा ठेवला होता, त्याला उकळी फुटायच्या आत हे सगळं सापडलं.

जे मला इतक्या सहज सापडलं ते कुणालाही सापडेल. नाव मी इथे लिहीत नाही, कागदावर नकोच. तुला कळावं म्हणून लिहिते, की असा फोटो आणखी कुणाला दिला असशील तर परत घे. खारूच्या शाळेत, शेजारणीला, कुणालाही. टाकी नको, दुकानाची पाटी नको, खिडकीसुद्धा नको. तुझा नवरा दुसऱ्यांच्या घरांवर कॅमेरे लावून पोट भरतो, त्याला हे मी शिकवायला नको. बाबा म्हणायचे ते आठवतं ना? "आमचा कॅमेरा माणसाला सांगून फोटो काढतो, जावयाचा न सांगता." तेव्हा आपण हसलो होतो.

खारूला मावशीचा पापा. होड्या सुरेख आहेत, शेवटची वाकडी आहे ती तिची असणार.

तुझी ताई

९ ऑक्टोबर, सकाळी

टिल्लू,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या तिथून निघ. पुढचं नंतर वाच.

तो काल दुकानात आला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कुणी नाही, आई खुर्चीत पेंगत होती. वर्षभरात इकडे फिरकला नव्हता. तू गेलीस तेव्हा आला होता, आरडाओरडा करून गेला, त्यानंतर नाही. काल मात्र इस्त्रीचा शर्ट, हातात आईसाठी फळं.

"ताई, कसं चाललंय दुकान?"

"चाललंय."

भिंतीवरच्या फ्रेमा वाकड्या झाल्यात म्हणून तो एकेक सरळ करायला लागला. तुला माहीत आहे ना त्याची ही सवय, आधी वस्तू सरळ करतो. बाबांची फ्रेम सरळ करता करता, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुम्ही इमारतींचे फोटोही मोठे करून देता का हो?"

"कसल्या इमारतींचे?"

"अशाच. जुन्या. पाण्याची टाकी वगैरे. लाल विटांची, बाहेरून जिना असलेली."

हातात कात्री होती, पासपोर्टचे फोटो कापत होते. एका बिचाऱ्या माणसाचा कान कापला गेला.

"नाही," म्हटलं. "तसं कुणी आणत नाही."

"मग मीच आणेन एखादा," म्हणाला.

तेवढ्यात आई जागी झाली. तिच्या लेखी तो अजून जावई. तू रागावून कुठेतरी नोकरीला गेली आहेस आणि तो बिचारा वाट बघतोय, एवढंच तिला माहीत. मीच तसं सांगितलंय, नाहीतर ती गल्लीभर बोलली असती. "चहा टाक गं," मला म्हणाली. तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "पुढच्या वेळी, आई. पुढच्या वेळी सगळेच मिळून घेऊ. तुमची नातसुद्धा असेल." आई खूश झाली. दिवसभर तेच घोळवत बसली होती.

तो गेल्यावर मी शटर ओढलं आणि सगळं दुकान पालथं घातलं. म्हटलं, यानं इथेही कॅमेरा लपवलाय. घड्याळ उतरवून बघितलं, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे बघितलं, स्टुलावर चढून पंख्याच्या वाटीत हात घातला. फ्रेमांच्या मागे बघितलं, त्याने सरळ केल्या होत्या त्या आधी. काही नाही, नुसती धूळ. मग त्याला टाकी कशी कळली? बाईंनी सांगणं शक्य नाही, त्यांनाच गाव माहीत नाही. फोटो माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नाही. तो माझ्या ब्लाउजमध्ये होता, आत्ताही आहे.

बाईंकडे धावले. म्हटलं, फोन करा कुणाला तरी. त्यांच्याकडे फक्त संस्थेचा नंबर. माझ्यासमोर लावला. तिकडून एकच उत्तर, "अशा नावाची कुणी बाई आमच्याकडे नाही." मी फोन ओढून घेतला, रडले, शिव्या घातल्या. "अशी कुणी बाई आमच्याकडे नाही." सगळ्यांना तेच सांगतात म्हणे, आणि मागे तुझ्या नवऱ्यालाही तेच सांगितलं असणार, म्हणून मी त्यांना नावं तरी कशी ठेवू? निरोप पोचवणार की नाही हेही सांगायला तयार नाहीत. पोलीस चौकीतही गेले. तिथला माणूस म्हणाला, "बाई, टाकीबद्दल बोलणं हा काय गुन्हा आहे का?" तुझा हात मोडला तेव्हाही असंच काहीतरी म्हणाले होते. तू जिन्यावरून पडलीस हे लिहून घेतलं, आणि जिन्यावरचा कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता हे काही लिहून घेतलं नाही.

मी स्वतः निघाले असते. पण मी निघाले की तो माझ्या मागोमाग येणार, आणि मला तर घरही माहीत नाही, त्याला दारापर्यंत नेऊन सोडल्यासारखं होईल. म्हणून हे पत्र. सगळ्यात जलद जातं त्या टपालाने पाठवायला सांगते. तरी तीन-चार दिवस जाणार. टिल्लू, मला फार भीती वाटतेय. निघ गं बाई.

ताई

११ ऑक्टोबर, दुपार

टिल्लू,

कळलं. दुकानात कॅमेरा नाहीच. कॅमेरा म्हणजे मीच.

आज एक गिऱ्हाईक आलं, मुलाच्या वाढदिवसाला जंगलाचं चित्र मोठं करून हवं होतं. मी नेहमीसारखं शोधायला बसले. एक अक्षर टाइप केलं तर खाली आधी शोधलेल्या गोष्टींची यादी उघडली. त्यात तुझ्या गावाला जाणाऱ्या गाड्या. मी त्या कधीच शोधल्या नव्हत्या. आधी वाटलं माझंच डोकं फिरलंय.

हा कॉम्प्युटर त्यानेच बसवून दिला होता, आठवतं? तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी. "ताई, तुम्हाला नको ती कटकट, मीच खातं उघडून देतो," म्हणाला, आणि आपण किती कौतुक केलं. तेव्हापासून मी त्याच खात्यावर काम करतेय, आणि तेच खातं त्याच्या फोनवरही उघडं आहे. मी इथे जे शोधते ते तिकडे उमटतं. वर्षभर तो माझी जंगलं, गुलाब आणि लोकांचे आजोबा बघत असेल. मग एक दिवस मी त्याला तुझी टाकी दिली. तू लपलीस, संस्थेने तोंड उघडलं नाही, बाईंनी नाही, आणि तुझ्या ताईने आपल्या हाताने तुझं गाव त्याच्या खिशात नेऊन ठेवलं. मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते. तरी लिहिते, माफ कर.

खातं बंद करायला गेले आणि थांबले. कारण हे दार इकडूनही उघडं आहे. त्याने काय काय शोधलंय ते मलाही दिसतं, हे त्याच्या डोक्यातच आलेलं नाही. मोठ्ठ्या बहिणीला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय!

जे दिसलं ते सांगायलाच हवं. टाकीच्या आसपासच्या शाळा त्याने शोधल्यात. एकेका शाळेची पानं उघडून, पळण्याच्या शर्यती, झाडं लावणाऱ्या मुली, वर्गाचे फोटो, सगळं बघितलंय. आणि खारूचा फोटो त्याने शोधायला दिलाय. चौथ्या वाढदिवसाचा, आपल्या दुकानातल्या निळ्या पडद्यासमोरचा, मी काढलेला. ती हसत नव्हती म्हणून मी डोक्यावर टोपली घेऊन नाचले होते तो. त्या फोटोखाली तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुलींच्या रांगाच्या रांगा आल्यात. दात पडलेल्या, दोन वेण्यांच्या, कुठल्या कुठल्या लोकांच्या लेकी. मी प्रत्येक चेहरा बघितला. त्यात ती नाही.

त्याने रविवारची गाडी बघून ठेवलीय.

माझं नऊ तारखेचं पत्र तुला रविवारपर्यंत मिळेल की नाही कोण जाणे. हात जोडून बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी आज एक उद्योग केलाय, बरोबर की चूक ते मला माहीत नाही.

फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत बसवणं हे तर मी रोजच करते. गेलेल्या सासऱ्यांना लग्नाच्या ग्रुपमध्ये उभं करते, परदेशातल्या मुलाला आईच्या शेजारी. तुझ्या फोटोतून ती टाकी उचलली आणि तिच्या जागी दुसऱ्याच एका गावाचा घड्याळाचा मनोरा बसवला, अगदी उलट्या दिशेचं, लांबचं गाव. होड्या त्याच, खिडकी तीच, बोटंही तीच. सावल्या जुळवायला सगळी दुपार गेली. मग तो फोटो कॉम्प्युटरला दिला आणि साळसूदपणे विचारलं, हा कुठला? तो म्हणाला, अमुक गावचा. मग मी त्या गावाला जाणाऱ्या गाड्या शोधल्या, तिथे पार्सल किती दिवसांत जातं ते शोधलं, "सात वर्षांच्या मुलीचा फ्रॉक" असं शोधलं. शेवटी "पाण्याच्या टाक्या एकसारख्या दिसतात का" असंही विचारलं. म्हणजे त्याला वाटावं की पहिल्यांदा मी फसले आणि आता खरं गाव सापडलंय.

घाईत स्पेलिंगं चुकली. चुकू देत, त्याला माझी स्पेलिंगं माहीत आहेत.

फसेल की नाही, देव जाणे. तू त्या भरवशावर थांबू नकोस. आणि बाबा म्हणायचे तसं, पोचलीस की कळव. पण काही दिसेल असा फोटो पाठवू नकोस. भिंत नको, झाड नको, खारूचं बोटसुद्धा नको. ज्यात काहीही नाही असा फोटो पाठव, मला तेवढं पुरे.

ताई

१३ ऑक्टोबर

टिल्लू,

दोनच ओळी. बाई पाकीट बंद करायला थांबल्यात.

रविवारची गाडी तो विसरला. सकाळपासून मनोऱ्याच्या गावच्या गाड्या बघतोय. तिथल्या शाळा बघतोय. आत्ता राहण्याच्या जागा बघत होता. मला हसू फुटलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन ओकले.

ज्या गावाला त्याला पाठवलं तिथेही कुणाच्या तरी लेकी शाळेत जात असतील. हा विचार आत्ता आला. त्याला तिथे कुणी ओळखीचं सापडणार नाही, मग तो परत येईल. मधले दिवस तुझे. ते वापर.

ताई

२१ ऑक्टोबर, दुपार

टिल्लू,

हे सावकाश लिहितेय, सगळं नीट सांगायचंय.

मधले सगळे दिवस मी कॉम्प्युटरसमोर बसून काढले. पहिले दोन-तीन दिवस तो मनोऱ्याच्या गावात काय काय शोधतोय ते दिसायचं, इथे जेवायला कुठे, तिथे रिक्षा कुठे. मग एकदम काहीच नाही. ते फार वाईट होतं. तो काही शोधत असला की निदान कुठे आहे ते कळत होतं. आई म्हणाली, "अगं, त्या डब्यात काय एवढं बघतेस, जेव तरी." मी जेवले, काय जेवले ते आठवत नाही.

आज सकाळी बाईंनी पुस्तक दिलं. "पान दुमडू नका हं." दुकानात आले, पुस्तक काउंटरवर ठेवलं, शटर पूर्ण वर केलं आणि वळले तर तो दारात. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. आला तो सरळ आत आला. या वेळी फ्रेमा सरळ केल्या नाहीत.

"ताई, तुम्ही फोटो फार छान बनवता," म्हणाला.

मी गिऱ्हाइकांच्या पाकिटांची चवड लावायला लागले.

"फक्त एक चुकलं. त्या मनोऱ्याच्या समोर नदी आहे. खिडकीतून तो असा दिसायला घर पाण्यात बांधावं लागेल."

टिल्लू, मी नदी बघितलीच नव्हती! मनोऱ्याच्या सावल्या जुळवत बसले आणि तो कुठे उभा आहे ते बघायचं राहिलं. तो काउंटरच्या आत आला, मला बाजूला सारून खुर्चीवर बसला आणि माउस हातात घेतला. दोन मिनिटांत ते खातं या कॉम्प्युटरवरून पुसून टाकलं. "याचा आता उपयोग नाही," म्हणाला. "टाकी खरी होती, नाही का?"

"मला माहीत नाही."

"तिथूनच येतोय मी. काल गेलो होतो." माझ्याकडे बघत राहिला. मी काउंटरची कड धरून उभी होते. मला विचारायचं होतं, काय केलंस, त्या दोघी कशा आहेत, पण विचारलं असतं तर तुम्ही तिथे होतात हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. तो म्हणाला, "हिरव्या खिडकीची खोली रिकामी आहे. घरमालकीण काही बोलत नाही. कुठे गेली?"

रिकामी म्हणजे तुम्ही गेलात की त्याने खोटं सांगून माझा चेहरा वाचायचं ठरवलंय, ते मला कळेना. आणि तेवढ्यात त्याचा हात पुस्तकावर पडला.

नुसता चाळा म्हणून उचललं असेल. पानं फरफर उलटली, आणि मधून फोटो घसरून काउंटरवर पालथा पडला. माझा जीव गेला म्हणून समज. त्याने तो आधी पाठीकडून बघितला, काही लिहिलेलं नव्हतं. मग उलटा केला.

पांढरा. नुसता पांढरा. कडेपासून कडेपर्यंत काही म्हणजे काही नाही.

"हे काय आहे?"

"खराब झालेला आहे," म्हटलं. "जास्त उजेड शिरला. खूण म्हणून पुस्तकात ठेवते." आवाज माझा होता, पण कुठून आला ते सांगता येणार नाही.

त्याला ते पटलं नाही. खिशातून फोन काढला, फोटोवर धरला आणि शोधायला दिला. माझ्यासमोर. आम्ही दोघं त्या फोनवर वाकून बघत होतो, जवळ, लग्नात ग्रुप फोटोला उभे होतो तसे. आणि फोन शोधायला लागला, टिल्लू. बर्फ आला. दूध आलं. रंग लावलेल्या भिंती, कोरे कागद, चादरी, ढग, दवाखान्याचं छत. तो बोटाने खाली खाली जात राहिला, आणि खाली आणखी भिंती होत्या. जगात एवढं पांढरं असेल असं मला वाटलं नव्हतं. हळूहळू त्याचे कान लाल झाले. शेवटी फोन खिशात घातला, फोटो काउंटरवर टाकला.

आतून आईने हाक मारली, "जावई आलाय का गं? चहा टाकू?"

"नको," तो म्हणाला, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग मला म्हणाला, "मला सापडेल, ताई. आज ना उद्या कुणीतरी फोटो काढणारच." आणि गेला. गल्लीच्या टोकापर्यंत जाताना मी त्याची पाठ बघत होते.

त्याचं ते वाक्य खरं आहे, म्हणून मला भीती वाटते आणि ती आता जाणार नाही. शाळेत काढतील, लग्नात काढतील, रस्त्यात कुणीतरी स्वतःचा काढेल आणि मागून तुम्ही दोघी भाजी घेऊन जात असाल. मी इथे बसून सगळ्या जगाचे कॅमेरे बंद करू शकत नाही. त्याने आता काय शोधलंय तेही मला दिसणार नाही.

तो गेल्यावर किती तरी वेळ मी त्या फोटोला हात लावला नाही. मग उचलला, आणि फोटोच्या दुकानात वाढलेल्या मुली जे करतात ते केलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरला. काउंटरवरच्या ट्यूबखाली सपाट दिसणाऱ्या त्या पांढऱ्यावर उंचवटे उठले. उलटी अक्षरं. संपलेल्या बॉलपेनने, शाई न उमटता, पाठीवरून दाबून लिहिलेली. आपण दोघी निगेटिव्ह उलट्या वाचत मोठ्या झालो, मला आरसा लागला नाही.

पहिली ओळ तुझी, दाबून, बाबांनी ओरडावं अशी. "पोचलो."

खाली वाकडं, मोठं, खारूचं. "मावशी, मी पण."

मी फोटो छातीशी धरून बसले तेव्हा आई बाहेर आली. तिने तो माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला, पुढून बघितला, मागून बघितला. म्हणाली, "हा कोरा आहे गं."

"हो," म्हटलं.

"मग रडतेस कशाला?"

"डोळ्यात कचरा गेला."

"दोन्ही डोळ्यांत?" म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

आता बरेच दिवस लिहू नकोस. मीही लिहिणार नाही, बाईंनाही तसंच वाटतं. टाकीचा फोटो मी आज जाळला. होड्या जळताना बघवल्या नाहीत, म्हणून तोंड फिरवलं. कोरा मात्र जपून ठेवलाय, बाबांच्या फ्रेममध्ये, त्यांच्या फोटोच्या मागे. कुणी काढून बघितला तरी कोराच दिसेल.

तुमची दोघींची,
ताई